जुनी चूल ठेवावी की बदलावी?

वस्तू जुनी झाली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘अजून चालते आहे ना?’ दुसरा म्हणतो, ‘आता पुरे!’ आणि बहुधा ज्याचा आवाज मोठा, तो जिंकतो. यंदा आमच्याकडे तसे होऊ द्यायचे नाही, असे मी ठरवले. कारण वाद होता चुलीचा, आणि चुलीपुढे उभी राहते ती मी!

आम्ही पुष्कळ वर्षे अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरी राहतो. आमच्या परसात भाजलेल्या मातीची एक जाडजूड चूल आहे. दिसायला झाकणाच्या रांजणासारखी. खाली हवा आत येण्याची खिडकी, वर धूर जाण्याचे तोंड, पोटात लाकडी कोळसा आणि त्यावर जाळी. तिला ‘कामाडो’ म्हणतात. शब्द जपानी, अर्थ साधा : चूल. जपानात अशाच झाकणाच्या मातीच्या चुलीत भात शिजवीत. १९४५ साली महायुद्ध संपले. तिकडे गेलेल्या अमेरिकन सैनिकांना ही चूल आवडली आणि त्यांनी ती मायदेशी आणली. १९७४ साली आमच्या याच अटलांटात एड फिशर यांनी अशा चुली विकायला सुरुवात केली आणि त्यातून ‘बिग ग्रीन एग’ ही कंपनी उभी राहिली. आमची चूल मात्र निराळ्या घडणीची. १९९६ साली शेजाऱ्यांनी गाव सोडताना ती आम्हांला दिली.

तिचे गुण मी नाकारणार नाही. जाड माती एकदा तापली की ऊब धरून ठेवते. खालची-वरची वाट जरा लहानमोठी केली की आच हवी तशी राहते : मंद हवी तर ११० अंश सेल्सिअस, नान भाजायचे तर ३०० च्या वर. आतून हवा थोडीच वाहते, म्हणून पदार्थ कोरडा पडत नाही. स्वयंपाक आटोपल्यावर दोन्ही वाटा बंद केल्या की विस्तव गुदमरून विझतो आणि उरलेला कोळसा पुढच्या खेपेला कामी येतो. वांग्याच्या भरताला जो धुरकट वास येतो, तो तर विचारूच नका!

आमच्या ‘ह्यां’चे म्हणणे, डागडुजी करू. चिरंजीवांचे म्हणणे, गॅसची शेगडी घेऊ. बटण फिरवले की पेटली. मी दोघांनाही म्हटले, ‘आधी तपासू, मग बोलू.’

प्रथम काठाची नमद्याची पट्टी. ती जळून काळीठिक्कर झाली होती. पण नवी पट्टी थोडक्या पैशांत मिळते आणि घरी चिकटवता येते. मग निखारे धरणारे आतले भांडे. त्याला उभी भेग होती. हे भांडे आच सोसून पुष्कळदा तडकते, पण तुकडे जागच्या जागी उभे असले तर काम अडत नाही. झिलईवरच्या केसाएवढ्या रेघांनीही काही बिघडत नाही.

खरी परीक्षा बाहेरच्या अंगाची. आपण बाजारात माठ घेताना टिचकी मारून पाहतो ना, तशीच मी थंड चुलीला मारली. खालचा भाग खणखणीत वाजला. झाकण मात्र भद्द बोलले! थोडा कोळसा पेटवून वरची वाट मिटली, तेव्हा झाकणाच्या लोखंडी पट्ट्यालगत धुराची बारीक रेघ निघाली. भेग आरपार गेली होती. झाकण आता मातीच्या बळावर नव्हे, पट्ट्याच्या आवळणीवर उभे होते. जुन्या घडणीचे तसले झाकण सुटे मिळेना.

येथे माझ्यापुरता निकाल लागला. नातवंडे चुलीभोवती खेळतात. तापलेले जड झाकण निसटले तर ‘अजून चालते आहे’ या शब्दांना काय किंमत? शिवाय माझी सत्तरी जवळ आली आहे. अशा चुलीचे झाकण एकदम उघडता येत नाही; हवा आत शिरून ज्वाळा उसळते. आधी बोटभर उघडून थांबावे लागते, आणि ते वजन मनगटाने पेलावे लागते. माझे मनगट आता तक्रार करते.

मग गॅस का नाही? मी रोजखर्चाच्या वहीत पाहिले. वर्षभरात चूल पेटली ती एकोणीस वेळा, आणि त्यातल्या सोळा वेळा रविवारी किंवा सणाला, माणसे जमली म्हणून. घाईच्या दिवशी स्वयंपाकघरातला गॅस आहेच. तेच काम करणारी दुसरी शेगडी परसात कशाला? आमची गरज होती निवांत विस्तवाची.

म्हणून ठरले असे : नवी चूल मातीचीच, पण एक माप लहान, हलक्या झाकणाची आणि जोरदार स्प्रिंगच्या बिजागरीची. मोठ्या चुलीला येथे हजार डॉलरांच्या वर पडतात; लहान मापाने तोही भार उतरला. ‘हे’ दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी स्वतःच टेप घेऊन परसात जागा मोजू लागले.

एक सूचना मात्र सर्वच भगिनींना, मग चूल अटलांटातली असो वा शेगडी पुण्यातली. पाऊस आला म्हणून पेटता कोळसा बंद खोलीत किंवा मोटारीच्या गॅरेजमध्ये नेऊ नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेतो.

बाकी, जुन्या वस्तूचा निवाडा करताना तिचे वय विचारू नये. ती वर्षातून किती वेळा लागते, मोडलेला भाग बदलता येतो का, हे पाहावे. आणि सर्वांत आधी, ती रोज उचलते कोण, त्या माणसाला विचारावे.