घरच्या इंटरनेटला कायमचा पत्ता हवा का?



मी कामगार चळवळीतला माणूस. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते सभांत, कोर्टकज्ज्यांत आणि उसन्या पुस्तकांत. तेव्हा संगणकशास्त्राचा पंडित म्हणून मी येथे उभा नाही. परंतु गेल्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका निवृत्त एसटी मेकॅनिकने माझ्यापुढे इंटरनेटचे बिल ठेवले. नेहमीच्या आकाराखेरीज ‘स्टॅटिक आयपी’ या नावाने दरमहा एक रक्कम त्यात लावलेली होती. ते म्हणाले, “भाऊ, जोडणी देणारा सांगतो, ह्याच्यावाचून कॅमेरा चालायचा नाही. खरे का?” पेन्शनीतून जाणारा पैसा कशासाठी जातो हे विचारण्याचा माणसाला हक्क आहे. म्हणून मी हा विषय शिकलो.

इंटरनेटवरचा मजकूर लहान लहान तुकड्यांनी प्रवास करतो, आणि प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा आकडी पत्ता असतो. तो आयपी पत्ता. सदैव एकच राहील तो स्टॅटिक, म्हणजे स्थिर. कंपनी वेळोवेळी बदलून देते तो बदलता. आपल्याला पत्ता म्हटले की टपाल आठवते. संस्कृत पंडित आणि टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. धाराशिवचा ४१३५०१ हा आकडा रोज बदलू लागला तर पोस्टमनने काय करावे? मग घरचा आयपी पत्ता बदलला तर आपले कसे होणार, अशी शंका येणे साहजिक आहे.

पण येथेच गफलत होते. घरचे इंटरनेट टपालासारखे नाही. ते टेलिफोनसारखे आहे, आणि फोन बहुधा आपणच लावतो.

आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या आठवा. हातात मोबाईल येण्यापूर्वी कारखान्याच्या तळावर कोपीत राहणारा मजूर आठवड्याच्या बाजाराला गेला की एसटीडी बूथवरून गावातल्या दुकानात फोन लावायचा आणि म्हातारीला बोलावून घ्यायचा. आज या गावचा बूथ, पुढच्या महिन्यात त्या गावचा. त्याचे काही अडत नसे. मात्र गावातल्या दुकानाचा नंबर कायम असावा लागे. तो बदलला की संबंध तुटला. सार एवढेच, की फोन लावणाऱ्याला कायमचा नंबर लागत नाही. ज्याला लोक फोन लावतात, त्याला लागतो. आपण घरी बसून बातम्या वाचतो, पैसे पाठवतो, मुलांचे वर्ग चालतात, परगावच्या नातवाचे तोंड पाहतो. या प्रत्येक वेळी आपण फोन लावणारे असतो. कायम नंबर लागतो तो समोरच्या बँकेला.

आता बूथची दुसरी गंमत पाहा. बूथ एक आणि बोलणारे पन्नास. चालू फोनवर उत्तर मिळते. पण फोन ठेवल्यावर गावाकडून कोणी उलट फोन केला, तर बूथवाल्याने कोणाला हाक मारावी? आज बहुतेक घरांची स्थिती हीच आहे. त्याचे कारण टंचाई. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते ३२ बिटांचे, म्हणून सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. आणि जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या वर. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. मग कंपन्यांनी अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता द्यायला सुरुवात केली. कोणाचे उत्तर कोणाकडे द्यायचे याची नोंद कंपनीचे यंत्र ठेवते. २०१२ साली अशा वाटणीसाठी १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते राखून ठेवण्यात आले. आपल्या राऊटरला बाहेरच्या बाजूने असा पत्ता मिळालेला दिसला, तर आपणही बूथवरच उभे आहोत असे समजावे.

आता मेकॅनिकसाहेबांचा कॅमेरा. त्यांचे यंत्र जुन्या धर्तीचे. परगावच्या मुलीला ते पाहायचे तर बाहेरून घरात फोन लागायला हवा. बूथवर तो लागणार कसा? स्टॅटिक पत्ता घेतल्यावर कॅमेरा दिसू लागला हे खरे. पण तो पत्ता स्थिर होता म्हणून नव्हे, तर तो त्यांच्या एकट्याचा आणि बाहेरून पोचता येणारा होता म्हणून. तसा पत्ता बदलता असला तरी चालतो; नवा आकडा एका कायम नावाखाली आपोआप नोंदवणारी सोय असते, तिला डायनॅमिक डीएनएस म्हणतात. शिवाय आजकालचे बरेच कॅमेरे स्वतःच आपल्या कंपनीच्या केंद्राला फोन लावून ठेवतात. तेथे काहीच लागत नाही. त्यांनी पुढे तसा कॅमेरा बसवला आणि ती रक्कम बंद केली.

मग स्थिर पत्ता घ्यावा कोणी? जो घरातून जगासाठी संकेतस्थळ किंवा सर्व्हर चालवतो त्याने. आणि ज्याचे कार्यालय ठरावीक पत्त्यावरूनच कामाला आत घेते त्याने. या दुसऱ्याने तो खर्च मालकाकडे मागावा. कारखान्यातली हत्यारे मजूर पदरच्या पैशाने आणत नाही.

एक इशारा. बाहेरून उघडणारे दार चोरालाही उघडते. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातकी प्रणालीने, कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेले लाखो कॅमेरे आणि राऊटर काबीज केले, आणि त्यांच्या बळावर २१ ऑक्टोबरला अनेक मोठी संकेतस्थळे बंद पाडली. मालकांना पत्ताही नव्हता! तेव्हा दार उघडायचेच असेल, तर आधी कुलूप बदला.

अखेरची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. बूथवरच्या माणसाला घेता येते, विचारता येते. पण त्याच्या घरी कोणी येऊ शकत नाही. उद्या एखाद्या मुलाला घरच्या संगणकावरून गावासाठी काही चालवावेसे वाटले, तर त्याला मार्ग हवा. तो मार्ग आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत आहे. तिचे पत्ते १२८ बिटांचे; त्यांची एकूण संख्या ३९ आकडी. तेथे टंचाई नाही, म्हणून वाटून घेण्याची सक्तीही नाही, आणि भारत ही पद्धत वापरणाऱ्या आघाडीच्या देशांत आहे.

म्हणून जोडणी देणाऱ्याला आधी विचारा, आयपीव्ही६ मिळते का? पत्ता माझ्या एकट्याचा आहे की सामाईक? आणि स्वतःला विचारा, बाहेरून माझ्या घरात कोणाला यायचे आहे? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणालाच नाही’ असे असेल, तर स्थिर पत्त्याचे पैसे वाचवा आणि त्यांची पुस्तके घ्या.