छायाचित्रातला काळोख

छायाचित्र खोटे बोलत नाही, ही समजूत अर्धीच खरी आहे. डार्करूममध्ये एन्लार्जरखाली कागदाच्या एखाद्या भागावर प्रकाश जास्त वेळ पडू दिला, की तो भाग काळा होतो. पुठ्ठ्याचा तुकडा आड धरला, की उजळ राहतो. आज हेच काम मोबाइलवर बोट फिरवून होते. सगळ्या चित्राचा उजेड वाढवला, तर न दिसणारे दिसू लागते. निवडून एकच भाग काळवंडला, तर पाहणाऱ्याला काय वाटावे, हे आपण आधीच ठरवून टाकतो.

आणि हे ठरवताना समाजातले संकेतच कामाला येतात. जून १९९४ मध्ये अमेरिकेतील 'टाइम' साप्ताहिकाने खुनाचा आरोप असलेल्या ओ. जे. सिम्प्सन या कृष्णवर्णीय खेळाडूचे पोलिसांनी काढलेले छायाचित्र मुखपृष्ठावर छापले. छापताना चेहरा गडद केला. त्याच आठवड्यात 'न्यूजवीक'ने तेच चित्र न बदलता छापले, म्हणून फरक उघडा पडला. हेतू वर्णद्वेषाचा नव्हता, असा खुलासा 'टाइम'ने केला. नसेलही. पण नाट्य हवे म्हटल्यावर हात काळ्या रंगाकडेच का गेला? काळे म्हणजे भयंकर, हे समीकरण यंत्राने मांडलेले नाही. १९७२ साली ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेऊन दलित पँथर उभी राहिली. त्या परंपरेला हा प्रश्न परका नाही.

तो आपल्या दारातही आहे. मी पुनावळ्यात राहतो. इथल्या एका विद्यार्थ्याने चेंबरमध्ये उतरलेल्या सफाई कामगाराचे छायाचित्र मला दाखवले. आभाळ काळेकुट्ट केलेले, चिखल गडद केलेला. "लोकांना भिडलं पाहिजे, सर," तो म्हणाला. त्याची तळमळ खरी होती. पण मूळ चित्रात कामगाराचे उघडे हात स्पष्ट दिसत होते. या काळोखात ते बुडाले. संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात उतरवण्यास २०१३ चा कायदा मनाई करतो. म्हणजे उघडे हात हाच पुरावा होता आणि नाट्याने तोच गिळला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार न्यायालयात संगणकीय नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यात फाइलचा 'हॅश' नोंदवतात. तो बोटाच्या ठशासारखा असतो. चित्रातला एक ठिपका बदलला तरी हा ठसा बदलतो. म्हणून कार्यकर्त्यांनी मूळ फाइलला हात लावू नये. फेरफार करायचाच तर प्रतीवर करावा आणि केला असे छापावे. एक डाग बनावट निघाला, की सारा अन्यायच बनावट ठरवायला प्रस्थापित टपलेले असतात. त्यांच्या हाती आपणच ते साधन देऊ नये.