फुकट जमिनीचा हिशेब

अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायद्यावर सही केली. सरकारी जमिनीतला १६० एकरांचा तुकडा निवडायचा, तिथे घर बांधून पाच वर्षं राहायचं, जमीन कसायची आणि शेवटी दोन साक्षीदार उभे करून हे सगळं शाबीत करायचं. मग तुकडा आपल्या नावावर. खर्च काय तो फीचा, सुमारे १८ डॉलर. एकट्या बाईलाही अर्ज करता येई. या कायद्याखाली पुढे सोळा लाख क्लेम मंजूर झाले आणि २७ कोटी एकर जमीन वाटली गेली.

त्या सोळा लाखांतला एक चार्ल्स इंगल्स. त्याची दुसरी मुलगी लॉरा हिने साठी ओलांडल्यावर 'लिटल हाउस' मालिका लिहिली, म्हणून तो आज जगभर ओळखीचा आहे. पुस्तकांतला बाप रात्री फिडल वाजवतो, कुणाचं देणं ठेवत नाही आणि आपल्या शेतावर ताठ मानेने जगतो. फिडल खरं होतं. देण्याचं मात्र तसं नव्हतं. जुनी कागदपत्रं आणि लॉराचं स्वतःचं आधीचं हस्तलिखित शेजारी ठेवून हिशेब मांडला, तर जमिनीने या घराला पोसलं त्यापेक्षा घरानेच जमिनीला जास्त पोसलेलं दिसतं.

पहिला डाव कॅन्ससमध्ये, १८६९ साली. चार्ल्सने घर बांधलं ती जमीन सरकारने वाटायला काढलेलीच नव्हती; ती ओसेज लोकांची राखीव भूमी होती. १८७० च्या जनगणनेत या कुटुंबाची नोंद आहे, पण जमिनीच्या किमतीचा रकाना रिकामा. घरात हिवताप शिरला तेव्हा डॉ. जॉर्ज टॅन या कृष्णवर्णीय डॉक्टरने सगळ्यांना वाचवलं. लॉराची धाकटी बहीण कॅरी तिथेच जन्मली. वर्ष-दीड वर्षात बिऱ्हाड विस्कॉन्सिनला परतलं, कारण तिथलं शेत ज्याला विकलं होतं त्याला पैसे फेडता येईनात. ओसेजांना मात्र परतायला जागा राहिली नाही. त्यांना दक्षिणेला इंडियन टेरिटरीत जावं लागलं.

मग मिनेसोटातलं वॉलनट ग्रोव्ह, १८७४. प्लम क्रीकच्या काठात खोदलेल्या घरात ही मंडळी राहिली. तीन बाजूंना मातीच, पुढची भिंत गवताच्या मुळांनी घट्ट धरलेल्या ढेकळांची, छतावर विलोच्या फांद्या आणि पुन्हा माती. गहू उभा राहिला. त्याच्या भरवशावर चार्ल्सने उसनवारीने लाकूड आणून नवं घर बांधलं, आणि टोळधाड आली. रॉकी पर्वतातल्या या टोळांनी पीक खाल्लं, वर जमिनीत अंडी घातली, म्हणजे पुढच्या वर्षाचाही निकाल लागला. चार्ल्स मजुरीच्या शोधात शेकडो मैल पूर्वेला चालत गेला. १८७५ च्या अखेरीस सरकारी मदतीचं पीठ मिळवण्यासाठी त्याने आपण पूर्णपणे निष्कांचन असल्याचं लिहून दिलं. मुलांच्या पुस्तकात हे कसं यावं? आलं नाही. (विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही टोळांची जातच नाहीशी झाली. डोंगरदऱ्यांतल्या त्यांच्या अंडी घालण्याच्या जागाच वसाहतवाल्यांनी नांगरून टाकल्या, असं कीटकशास्त्रज्ञ जेफ्री लॉकवुड यांचं म्हणणं आहे.)

पुढची दोन वर्षं पुस्तकांतून साफ गाळलेली आहेत. फ्रेडी हा एकुलता मुलगा नऊ महिन्यांचा होऊन १८७६ च्या ऑगस्टमध्ये गेला. आयोवातल्या बर ओक गावी कुटुंबाने एका हॉटेलात काम केलं. तिथून निघताना भाडं थकलेलं होतं. ते रात्रीच्या अंधारात निघाले. आईचं, कॅरोलाइनचं, वय तेव्हा अडतीसच्या आसपास. लग्नाआधी शाळेत शिकवणाऱ्या या बाईने किती घरं मांडली आणि मोडली, याचा वेगळा अध्याय कुणीतरी लिहायला हवा.

१८७९ मध्ये थोरल्या मेरीची दृष्टी गेली. त्याच वर्षी चार्ल्सने डाकोटात रेल्वेच्या बांधकामावर हिशेबनीस म्हणून नोकरी धरली. फेब्रुवारी १८८० मध्ये ब्रूकिंग्जच्या कचेरीत जाऊन त्याने डी स्मेटजवळच्या जमिनीचा क्लेम नोंदवला. येणारा पहिलाच हिवाळा भयंकर निघाला. ऑक्टोबरमध्ये बर्फाचं वादळ झालं, जानेवारीपासून रेल्वे बंद पडली, ती मे महिन्यात सुरू झाली. कोळसा संपला तेव्हा गवताचे पीळ घालून ते जाळले. पीठ संपलं तेव्हा कॉफीच्या दळणीत गहू भरडला. हात चालत राहिले तरच चूल आणि भाकरी, अशी ती पाळी होती.

डाकोटात अंधांची शाळा नसल्याने मेरीला आयोवातल्या व्हिंटनला पाठवलं. फीचा भार सरकारने उचलला, पण कपडे आणि प्रवास घरच्यांवर. लॉराने गावात शर्ट शिवले, मग खेड्यातल्या शाळांवर शिकवलं. वडील सुतारकाम करत. १८८६ मध्ये क्लेम शाबीत झाला, जमीन कायमची त्यांची झाली. पुढच्याच वर्षी चार्ल्सने गावात घर बांधलं आणि कुटुंब तिथे राहायला गेलं; १८९२ मध्ये शेत विकलं. १९०२ मध्ये तो वारला तो गावकरी म्हणून. बायको आणि चार मुलींसाठी त्याने शेतावर लावलेली पाच कॉटनवुडची झाडं मात्र पुढे टिकली.

लॉरा आणि तिचा नवरा आल्मान्झो यांनीही डाकोटात तेच करून पाहिलं: दुष्काळ, आजारपण, घराला आग, कर्ज. लॉरा एका शिंपिणीकडे रोज एक डॉलरवर शिवणकाम करू लागली. १८९४ मध्ये ते दोघे मुलीला घेऊन मिसूरीतल्या मॅन्सफील्डला गेले. बरोबर साठवलेले शंभर डॉलर होते. त्या पैशांच्या जोरावर त्यांनी चाळीस एकरांचा खडकाळ तुकडा विकत घेतला, उरलेली रक्कम गहाणखताने उभी केली, आणि मरेपर्यंत मॅन्सफील्डलाच राहिले.