चकतीतला जोर

भूम आणि वाशी तालुक्यांत बालाघाटच्या माथ्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्यापासून धाराशिव जिल्ह्यात बोललं जातं ते जमिनीच्या मोबदल्याबद्दल, उखडलेल्या रस्त्यांबद्दल, शेतावरून जाणाऱ्या तारांबद्दल. ते बोललं जायलाच हवं. पण ज्या यंत्रांसाठी हे सगळं चाललंय, त्यांच्या पोटात काय आहे याची ओळखही जिल्ह्याला असावी, असं मला मनापासून वाटतं. त्यातल्या एका छोट्या भागाबद्दल हा लेख आहे.

पवनचक्की थांबवण्याचं मुख्य काम पाती वळवूनच होतं. शिवाय आत चकतीचा ब्रेक असतो, आणि बऱ्याच यंत्रांत त्याची रचना आपल्या गाडीच्या ब्रेकच्या उलट असते. तेलाचा दाब ब्रेक लावत नाही, सोडवून धरतो. ब्रेक आवळण्याचं काम स्प्रिंगचं. वीज गेली, नळी फुटली, पंप बंद पडला, की दाब उतरतो आणि दाबून ठेवलेली स्प्रिंग आपोआप पकड घेते. तिला तिथे जागा मिळते वीतभरही नाही, आणि जोर लागतो टनांत. नेहमीची वेटोळ्याची स्प्रिंग तिथे मावत नाही. म्हणून डिस्क स्प्रिंग.

उथळ वाटीचा तळ गोल कापून टाकला तर जे उरेल, तसा तिचा आकार. फ्रान्सच्या ज्युलियां बेलव्हिल यांनी 1867 मध्ये तिचं पेटंट घेतलं, म्हणून अजूनही अनेक जण तिला बेलव्हिल वॉशर म्हणतात. ती नेमकी कशी वागते याचं हिशेबात बसणारं सूत्र मात्र 1936 मध्ये आलं. अमेरिकेत आल्मेन आणि लास्लो यांनी ते मांडलं आणि आजची मानकं त्यावरच उभी आहेत.

50 मिलिमीटर व्यासाची, 2 मिलिमीटर जाडीची प्रमाणित चकती घेऊ. टेबलावर ठेवली तर तिची एकूण उंची 3.4 मिलिमीटर, म्हणजे दबायला जागा, अर्थात शंकूची उंची, फक्त 1.4. त्यातला तीन चतुर्थांश भाग दाबायला सुमारे 4,760 न्यूटन लागतात. वजनाच्या भाषेत जवळजवळ पाच क्विंटल. हालचाल एका मिलिमीटरच्या आसपास आणि भार पाच क्विंटल! तोच व्यास ठेवून जाडी 3 मिलिमीटर आणि शंकूची उंची 1.1 केली, तर हा आकडा 12,000 न्यूटनवर जातो. चकती सपाट करायला लागणारा भार जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. शंकूची उंची तीच ठेवून जाडी दहा टक्के वाढवली, तर भार तेहतीस टक्के वाढतो. म्हणून मूळ चकतीच्या जागी 'साधारण तेवढ्याच' जाडीची दुसरी बसवणं हा धोका आहे, काटकसर नव्हे.

मला तिचं खरं वैशिष्ट्य वाटतं ते तिच्या आलेखात. वेटोळ्याच्या स्प्रिंगचा भार सरळ रेषेत वाढतो. इथे तसं नाही. सगळं ठरतं ते शंकूची उंची आणि पत्र्याची जाडी यांच्या गुणोत्तरावर. ते 0.4 असेल तर रेषा जवळपास सरळ. 1.41 च्या जवळ गेलं की सपाट होण्याच्या सुमारास आलेख आडवा पडतो: चकती आणखी दबते, पण भार फारसा वाढत नाही. त्याहून जास्त झालं की भार शिखर गाठून उतरू लागतो, आणि 2.83 च्या पुढे चकती एका क्षणी झटक्यात उलटी पडते. स्प्रिंगचा स्वभाव आधी ठरवून ती घडवायची, अशी मोकळीक दुसऱ्या कुठल्या स्प्रिंगमध्ये इतक्या सहज मिळत नाही.

शेतकऱ्याच्या ओळखीतलं उदाहरण क्लचचं. अनेक गाड्यांत आणि ट्रॅक्टरांत क्लचप्लेट दाबून धरते ती डायफ्रॅम स्प्रिंग म्हणजे आतून खाचा पाडून बोटं काढलेली हीच चकती. प्लेट झिजली की वेटोळ्याच्या स्प्रिंगा सैल पडतात आणि जोर घटतो. डायफ्रॅम स्प्रिंग मात्र आलेखाच्या उतरत्या भागावर बसवलेली असते. झिजेबरोबर ती शिखराकडे परतते, त्यामुळे पकड बराच काळ टिकते. वर पेडल पूर्ण दाबताना पायाला भारही कमी लागतो.

चकत्या रचण्याची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. एकात एक बसवल्या तर जोर वाढतो, तोंडाला तोंड लावून रचल्या तर हालचाल. वरच्या 2 मिलिमीटरच्या दहा चकत्या तोंडाला तोंड लावल्या तर 34 मिलिमीटरच्या चळतीला साडेदहा मिलिमीटर हालचाल मिळते, भार तोच पाच क्विंटल. दोन-दोनच्या पाच जोड्या केल्या की भार दुप्पट, हालचाल निम्मी. एक चकती उलटी बसली तरी हिशेब बिघडतो, म्हणून जुळणीच्या वेळी नकाशा समोर हवा. शिवाय चकती अगदी मोकळी सोडून चालत नाही. वारंवार हलणाऱ्या जागी तिला सुरुवातीलाच 15 ते 20 टक्के दाबून ठेवतात, नाहीतर आतल्या वरच्या कडेला बारीक भेगा सुटतात.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात सास्तूर आणि आसपासच्या गावांनी जे भोगलं, त्यामुळे आणखी एक उपयोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी इमारतींच्या सांध्यांसाठी खाचांच्या पोलादी पट्ट्या बोल्टने जोडल्या आणि त्या बोल्टवर डिस्क स्प्रिंगांच्या चळती चढवल्या. भूकंपात पट्ट्या खाचांवरून घसरतात, स्प्रिंगा दबतात, घर्षणात ऊर्जा जिरते आणि हादरा ओसरला की स्प्रिंगा सांधा मूळ जागी आणतात. दगडमातीच्या जाड भिंतींची घरं याने वाचली नसती. तिथे आडवे पट्टे आणि भिंतीच्या आरपार जाणारे दगडच हवेत. पण यापुढे जी मोठी रुग्णालयं, शाळा पोलादी सांगाड्यात बांधू, त्यांच्यासाठी हा विचार जिल्ह्याने जरूर करावा.

आणि चकत्यांचं हे वागणं तपासायला परदेशी जायला नको. सळयांची ताकद मोजायचं यंत्र असलेल्या कुठल्याही तंत्रनिकेतनात 3 मिलिमीटर जाडीच्या पाच चकत्या एकात एक रचून, हलकं ग्रीस लावून दाबाव्यात आणि भार चढताना व उतरताना दोन्ही वेळा नोंदी घ्याव्यात. उतरतानाची रेघ चढतानाच्या रेघेखालून जाईल. मधली फट म्हणजे चकत्यांच्या पृष्ठभागांतलं घर्षण. ग्रीस बदलून पुन्हा दाबलं की ती फट कमी-जास्त झालेली दिसेल.