पेन ड्राइव्ह काठोकाठ भरून बघा

पेन ड्राइव्ह मागितला की पुण्याच्या तपकीर गल्लीतला दुकानदार असो वा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा, पहिला प्रश्न ठरलेला: "किती जीबीचा?" आपणही आकडा आणि किंमत पाहून मोकळे होतो. लिहिण्याचा वेग किती, हे कुणी विचारतच नाही. पाकिटावर ठळक छापलेला वेग बहुतेक वेळा वाचनाचा असतो, आणि आपला वेळ खातं ते लिहिणं.

स्वस्तातले ड्राइव्ह पारखायची माझी रीत साधी आहे. सगळे एकाच लॅपटॉपच्या एकाच पोर्टला लावायचे. आधी एक मोठी व्हिडिओ फाइल टाकायची, मग बारीकसारीक फोटोंनी भरलेलं फोल्डर. कॉपी सुरू होते तेव्हा यूएसबी 3 चा ड्राइव्ह सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास धावताना दिसतो. थोड्याच वेळात आलेख घसरतो आणि आकडा पंधरा-वीसवर येऊन बसतो. सुरुवातीचा माल संगणकाच्या किंवा ड्राइव्हमधल्या छोट्या जलद साठ्यात जातो; तो भरला की एकेका पेशीत तीन-तीन बिट कोंबणाऱ्या स्वस्त चिपची खरी चाल उघडी पडते. फोटोंच्या फोल्डरला तर आणखी वेळ लागतो, कारण प्रत्येक फाइलमागे नोंद वेगळी करावी लागते. धातूचं कवच तोवर बोटाला चांगलंच गरम लागतं.

हिशेब करून बघा. सेकंदाला 10 एमबी या वेगाने 16 जीबी भरायला जवळपास 27 मिनिटं लागतात, 5 एमबीने 53. लग्नाचा व्हिडिओ नेणाऱ्याला हा फरक जाणवतोच. झेरॉक्सच्या दुकानात दोन पीडीएफ न्यायच्या असतील किंवा गाडीत गाणी लावायची असतील, तर मात्र यूएसबी 2 चा ड्राइव्ह अगदी पुरतो. आणि 3.0, 3.1 जेन 1, 3.2 जेन 1 या नावांना भुलून जास्त पैसे मोजू नका. तिन्हींचा कमाल वेग एकच, सेकंदाला 5 गिगाबिट.

64 जीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये साधारण 59 जीबीच दिसतो, ती फसवणूक नाही. कंपनी 100 कोटी बाइटचा एक जीबी धरते, विंडोज 1,07,37,41,824 बाइटचा.

खरी फसवणूक वेगळीच असते आणि तिची मला मनापासून चीड येते. आत चिप 16 जीबीची, पण कंट्रोलरला 512 जीबी सांगायला शिकवलेलं. फायली कॉपी होतात, नावं दिसतात, आकारही बरोबर दिसतो. उघडायला गेलं की काहीच नाही, कारण जागा संपल्यावर पुढचा मजकूर हवेत गेलेला असतो किंवा जुन्यावर लिहिला गेलेला असतो. कुणाच्या बाळाचे फोटो, कुणाचा प्रबंध असा जातो, आणि कळतं ते कित्येक महिन्यांनी. ड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचला की हे हमखास पकडता येतं. विंडोजवर एच2टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ3 ही फुकट मिळणारी साधनं नेमकं हेच करतात. वेळ लागतो, रात्री लावून झोपावं. त्याच खेपेत शेवटपर्यंत टिकणारा लिहिण्याचा वेगही कळतो.

माझा कौल असा: रोजच्या वापराला नामांकित कंपनीचा, यूएसबी 3 चा 64 जीबी ड्राइव्ह घ्यावा आणि पक्कं बिल मागून घ्यावं. वापरायला काढण्याआधी तो एकदा काठोकाठ भरून तपासावा. पेशींमधला विद्युतभार न वापरता पडून राहिल्यावर हळूहळू झिरपतो, उष्णतेत जास्तच. म्हणून ड्राइव्ह उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. आणि घरचे फोटो फक्त पेन ड्राइव्हमध्येच असतील, तर आजच त्यांची दुसरी प्रत हार्ड डिस्कवर काढा.