जरीचा कस : मूलद्रव्य कोणते, मिश्रण कोणते?

गिऱ्हाईक गादीवर बसले की पहिला प्रश्न ठरलेला, "माल शुद्ध आहे ना?" आम्ही कापडवालेही मान डोलावतो. कॉटन शुद्ध, सिल्क शुद्ध, जरीही शुद्ध. परंतु बाजारातले 'शुद्ध' आणि रसायनशास्त्रातले 'शुद्ध' यांत मोठे अंतर आहे. ते ठाऊक नसेल तर खुद्द व्यापाऱ्याचीही फसगत होते. माझी झालेली आहे.

धंद्यात नवा असताना मी 'टेस्टेड जरी'च्या साड्यांचा एक गठ्ठा उचलला. टेस्टेड म्हणजे तपासून पास झालेली, अशी माझी समजूत, आणि गिऱ्हाइकांनाही मी तसेच सांगत गेलो. दोन वर्षांनी एक बाई शालू घेऊन आल्या. काठ काळपट-तांबूस पडला होता. ओळखीच्या सराफाने जरीची चिमूट कसोटीवर घासली आणि म्हणाला, "भाई, यात तांबं आहे." पैसे परत केले. पण बाईंनी तो शालू चांदीची जरी म्हणून लेकीच्या सासरी दाखवला होता. ते काही परत घेता आले नाही.

मी उर्दू शाळेत शिकलो. तिथे मूलद्रव्याला 'उन्सुर', संयुगाला 'मुरक्कब' आणि मिश्रणाला 'आमेजा' म्हणत. शब्द पाठ होते, अर्थ जरीने शिकवला. जुन्या काळी आग, पाणी, हवा, माती हेच चार उन्सुर मानत. 1780 च्या दशकात कॅव्हेन्डिश आणि लाव्हाझिए यांच्या प्रयोगांतून पाणी हे हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे बनलेले असल्याचे कळले. ज्याचे आणखी साधे घटक करता येत नाहीत ते मूलद्रव्य, असे धरून लाव्हाझिए यांनी 1789 मध्ये 33 नावांची यादी छापली. त्यात उजेड आणि उष्णताही होती! मोठ्या माणसांच्याही चुका होतात. आज ही यादी 118 वर गेली आहे. शेवटच्या चारांना 2016 मध्ये नावे मिळाली.

आता खरी जरी पाहू. चांदीची बारीक तार चपटी करून रेशमाच्या धाग्यावर गुंडाळायची आणि वर सोन्याचा अगदी पातळ मुलामा द्यायचा. म्हणजे 'शुद्ध जरी' ही रसायनाच्या हिशेबाने शुद्ध नव्हेच. तिच्यात सोने, चांदी आणि रेशीम अशा तीन वस्तू आहेत. जुने शालू विकायला निघतात तेव्हा जरी गाळणारा हे तिन्ही वेगळे करतो. आधी काठ जाळतात, रेशमाची राख होते. उरलेली धातू मुशीत वितळवली की सोने-चांदीचा एकजीव गोळा होतो. दिसायला एकच, तरी ते मिश्रणच. तो शोऱ्याच्या तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात टाकला की चांदी विरघळते आणि सोने काळपट भुकटी होऊन तळाशी बसते.

चांदी मग गेली कुठे? ती आम्लाशी जोडली जाऊन सिल्व्हर नायट्रेट झाली. हे संयुग. त्यात चांदीची चमक नाही, वाजणे नाही. दिसते नुसते पाणी. पण त्यात तांब्याची पट्टी सोडली की करड्या चुऱ्याच्या रूपाने चांदी परत येते आणि तांबे विरघळून पाणी निळे होते. तो चुरा धुऊन आटवा, पुन्हा तीच चांदी! रूप बदलले, मूलद्रव्य नाही. ती भुकटी आटवून आलेले सोनेही पुढे कितीही वेळा तेजाबात घाला, त्यातून दुसरे काही निघत नाही. (हा उद्योग घरी करू नये. निघणारा तपकिरी धूर विषारी असतो.)

मिश्रणाचे प्रमाण आपल्या मर्जीवर असते. पितळेत तांबे किती आणि जस्त किती हे करणाऱ्याने ठरवायचे. आपल्या तांबट आळीतला तांब्याचा हंडा आणि बाजारातला पितळेचा हंडा यांत हाच फरक आहे. 916 शिक्क्याच्या दागिन्यातही हजारात 916 भाग सोने, बाकी दुसरे धातू. संयुगाला मात्र ही मोकळीक नाही. पाणी कुठलेही असो, एक ग्रॅम हायड्रोजनला आठ ग्रॅम ऑक्सिजन, हा भाव फिरत नाही.

कापडाकडे या. 67:33 चे टेरिकॉट म्हणजे पॉलिस्टर आणि सूत यांचे मिश्रण. चिमटा आणि सबुरी असेल तर तंतू वेगळे निवडता येतात. पण मग 'हंड्रेड पर्सेंट कॉटन' हे मूलद्रव्य का? नव्हे. कापूस म्हणजे मुख्यतः सेल्युलोज, आणि ते कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन यांचे संयुग आहे. गंमत अशी की पॉलिस्टरही याच तिघांचे! मूलद्रव्ये तीच, जोडणी वेगळी. म्हणून एक घाम पिते आणि दुसरे पीत नाही. रेशमात चौथा नायट्रोजन येतो. रेशीम जाळले की जळक्या केसांचा वास आणि चुरगळणारी राख, पॉलिस्टर जाळले की वितळून कडक मणी. ही परीक्षा दुकानातल्या पोऱ्यालाही जमते.

जरीची परीक्षाही अवघड नाही. धागा नखाने खरवडावा. मुलाम्याखाली पांढरे निघाले तर चांदीची शक्यता, लालसर निघाले तर तांबे. टेस्टेड जरीत बहुधा तांब्यावर चांदीचा मुलामा असतो. धागा ज्योतीला लावताच आक्रसून वितळला तर ती प्लास्टिकची, पॉलिस्टरच्या पट्टीवर ॲल्युमिनियमची वाफ बसवलेली. ती काळी पडत नाही, हलकी असते आणि रोजच्या वापराला मला तरी चांगली वाटते. तिला चांदी म्हणून विकू नये, एवढेच. पांढऱ्या रंगावर मात्र पूर्ण भरवसा ठेवू नका. किमती शालू असेल तर सराफाकडून कस लावून घ्यावा.

आता मी बिलावर 'शुद्ध जरी' लिहीत नाही. 'चांदीची जरी, सोन्याचा मुलामा', 'तांब्याची जरी' किंवा 'प्लास्टिक जरी' असे लिहितो. दुसरे वाचून काही गिऱ्हाइके उठून शेजारच्या दुकानात जातात. त्यातली काही परत येतात, सगळी नाहीत.