ढिगाऱ्यानंतरची मोजणी

भूकंप, महापूर किंवा दरड कोसळल्यानंतर मोजणीची गरज तीनदा पडते. आधी शोधपथकाला कळावे लागते की घरे नेमकी कुठे होती आणि तिथवर वाट कुठून आहे. मग नुकसान किती, हे ठरवावे लागते. शेवटी नवे घर कुठे आणि कोणाच्या जागेवर उभे राहणार, याचा निकाल लावावा लागतो. पहिल्या कामाला काही तास मिळतात, दुसऱ्याला काही आठवडे, आणि तिसरे वर्षानुवर्षे चालते. बातम्या पहिल्या टप्प्याच्या येतात. संसार अडकून पडतात ते तिसऱ्या टप्प्यात. आयटीआयचा सर्वेक्षक अभ्यासक्रम किंवा स्थापत्याची पदविका केलेल्या, भूमी अभिलेख खात्यात नुकत्याच भूकरमापक म्हणून लागलेल्या, जिओइन्फर्मेटिक्स शिकणाऱ्या तरुण-तरुणींना या तिन्ही टप्प्यांत काम आहे. सर्वेक्षकांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे ‘फिग’ने, तरुण सर्वेक्षकांचे वेगळे जाळे उभारले आहे आणि त्यातले स्वयंसेवक जमिनीच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या उपक्रमांत जाऊन काम करतात.

घरबसल्या करता येण्याजोगे काम हैतीने दाखवून दिले. 12 जानेवारी 2010 रोजी तिथे भूकंप झाला, तेव्हा राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा तपशीलवार खुला नकाशा जवळजवळ नव्हताच. जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून रस्ते, पूल, पडलेल्या इमारती आणि निर्वासितांच्या छावण्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर उतरवल्या, आणि बचावपथके तोच नकाशा वापरू लागली. नेपाळात 25 एप्रिल 2015 रोजी 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे 9,000 माणसे गेली. तिथे मात्र एक मोठा फरक होता. काठमांडू लिव्हिंग लॅब्ज या संस्थेच्या मंडळींनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून खोऱ्यातल्या शाळा, दवाखाने आणि रस्ते भूकंपाच्या आधीच नकाशावर आणले होते. त्यामुळे बाहेरच्या हजारो स्वयंसेवकांना दुर्गम जिल्ह्यांकडे वळता आले, आणि कोणत्या गावाला काय हवे याची माहिती जागेवरून पडताळून घेणारी माणसे काठमांडूतच होती. आपत्तीनंतर गोळा झालेल्या उत्साहापेक्षा ही आधीची तयारी अधिक मोलाची ठरली.

उपग्रहाला छप्पर दिसते, छपराखालची माणसे दिसत नाहीत. 19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले, 57 जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. डोंगरावरच्या त्या वाडीला मोटारीचा रस्ता नव्हता, त्यामुळे मोठी यंत्रे वर नेता आली नाहीत. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीतही तिचे नाव नव्हते. अशा वेळी मातीखाली कोणते घर कुठे होते, हे गावकऱ्यांना विचारत विचारत शोधावे लागते. प्रत्येक डोंगरवाडीचा घरवार आराखडा पावसाळ्याआधी तयार असेल, त्यात पायवाटा, पाण्याचे ओहोळ, उताराला पडलेल्या भेगा आणि प्रत्येक घराचे अक्षांश-रेखांश असतील, तर शोधपथकाचे कितीतरी तास वाचतील. दोन-चार तरुणांना मोबाइल आणि हातातल्या जीपीएसवर एवढे काम फार दिवस न घालवता करता येते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर ते अजून सर्वत्र व्हायचे आहे.

पुराचे काम वेगळे असते. पाणी ओसरले की सगळे जण साफसफाईला लागतात, आणि त्याच दिवसांत एक मौल्यवान पुरावा पुसला जातो. भिंतीवरची गाळाची रेघ, झाडाच्या फांदीत अडकलेला पालापाचोळा, देवळाच्या खांबावरचा ओलाव्याचा डाग या पूरखुणा काही आठवड्यांतच पावसाने, झाडूने किंवा रंगाने नाहीशा होतात. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर सांगली-कोल्हापूरकडे ज्या निळ्या आणि लाल पूररेषांवरून इतके वाद झाले, त्या शेवटी अशाच खुणांच्या उंचींवर पडताळल्या जातात. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. बांधकामाला परवानगी मिळणार की नाही, हे या रेषा ठरवतात. तरीही पूरखुणांची नोंद बहुतेक गावांत कोणी पद्धतशीरपणे ठेवत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

हे काम शिकाऊ सर्वेक्षकाला पुरते जमण्यासारखे आहे. खुणेजवळ दिवस आणि वेळ लिहायची, पट्टी धरून फोटो घ्यायचा, घरातल्यांना विचारून पाणी किती वाजता चढले आणि किती वेळ टिकले ते नोंदवायचे, मग जवळच्या बेंचमार्कपासून लेव्हल लावून खुणेची उंची काढायची. इथे एक सावधगिरी हवी. रोव्हरवर, म्हणजे उपग्रहांवरून स्थान मोजणाऱ्या यंत्रावर, दिसणारी उंची ही गणिती लंबगोलापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नसते. पश्चिम महाराष्ट्रात या दोन उंचींत 60 मीटरहून अधिक फरक पडतो. तो वजा-अधिक करण्याचे गणित उपलब्ध आहे, पण त्यात उरणारी अर्ध्या-पाऊण मीटरची चूकही पूररेषेच्या कामात महागात पडते. म्हणून जुनी डंपी किंवा ऑटो लेव्हल आणि स्टाफ घेऊन केलेले काम इथे अजूनही सर्वांत भरवशाचे आहे. नदीच्या एका टप्प्यात वर-खाली बऱ्याच खुणा घेतल्या की कोणती खूण चुकीची आहे ते आपोआप उघडे पडते: पाण्याचा उतार वर-खाली उड्या मारत नाही.

पिकांचे आणि घरांचे पंचनामे ग्राम महसूल अधिकारी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक करतात. तो त्यांचा अधिकार आहे आणि तसाच राहिला पाहिजे. पण शेतच खरडून गेले असेल तर पंचनाम्याला मोजणीची जोड लागते. 2025 च्या सप्टेंबरात सीना आणि मराठवाड्यातल्या इतर नद्यांकाठी हेच झाले. माती वाहून गेली, कुठे वाळू आणि दगड येऊन पडले, आणि बांधांबरोबर हद्दीच्या खुणाही गेल्या. दोन शेजाऱ्यांमधला बांध नाहीसा झाला की पहिली पेरणी येईपर्यंत भांडण पेटते. ड्रोनने अशा पट्ट्याचे चित्र एका दिवसात मिळते, पण हद्द चित्रात सापडत नाही. ती सापडते भूमी अभिलेखाच्या गटबुकातल्या आणि टिपणातल्या मापांत, शिवारात टिकून राहिलेल्या विहिरी, दगड आणि जुन्या झाडांत, आणि दोन्ही बाजूंच्या जाणत्या माणसांच्या तोंडी. जुने टिपण वाचता येणारा तरुण भूकरमापक अशा वेळी ड्रोनचालकापेक्षा अधिक उपयोगी पडतो, आणि ती विद्या नव्या भरतीतल्या मुलांना निवृत्तीच्या वाटेवर असलेल्या मोजणीदारांकडून आत्ताच शिकून घ्यावी लागेल.

भूकंपात तर मोजणीसाठी धरलेला संदर्भच हलतो. जपानमध्ये 2011 साली ओशिका द्वीपकल्प पाच मीटरहून अधिक पूर्वेकडे सरकले आणि मीटरभर खाली बसले. 2015 साली काठमांडू खोरे दीड-दोन मीटर दक्षिणेकडे सरकले आणि थोडे वर उचलले गेले. म्हणजे भूकंपाआधीचे सहनिर्देशक आणि नंतरचे सहनिर्देशक एकमेकांशी जुळत नाहीत. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या भूकंपांनंतर हा प्रश्न थेट कायद्यापर्यंत गेला. जमीन सरकली तशी मालमत्तेची हद्दही तिच्याबरोबर सरकली असे मानावे, असे तिथल्या 2016 च्या कायद्याने ठरवले. भूकंपानंतर एव्हरेस्टच्या उंचीविषयी शंका निघाली, तेव्हा नेपाळच्या सर्वेक्षण विभागाने आपल्याच माणसांना शिखरावर पाठवले. खिमलाल गौतम यांच्या तुकडीने 2019 च्या मे महिन्यात तिथे मोजमापे घेतली, आणि 2020 साली नेपाळ आणि चीनने 8,848.86 मीटर ही उंची संयुक्तपणे जाहीर केली.

पुनर्वसनातला सर्वांत अवघड प्रश्न सोडवण्याची पद्धत इंडोनेशियातल्या आचे प्रांताने दाखवली. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत तिथल्या खेड्यांच्या खुणा, जमीनमालक आणि जमिनीच्या नोंदी हे सगळे एकदमच गेले. पाण्यात भिजलेले दस्तऐवज गोठवून वाचवण्याची धडपड झाली. पण त्याहून महत्त्वाचे होते ते गावाने बसून हद्द ठरवणे. वाचलेली माणसे जागेवर गेली, खुंट्या ठोकल्या, शेजाऱ्यांनी एकमेकांच्या हद्दीवर सह्या केल्या, मोजणी पथकाने त्या मापून नकाशा केला आणि तो हरकतींसाठी लोकांसमोर लावला. या कामासाठी स्थानिक तरुणांना प्रशिक्षण देण्यात आले. विधवा आणि अनाथ मुले वारसांतून सुटू नयेत, याकडे मुद्दाम लक्ष द्यावे लागले, आणि तरीही काही ठिकाणी स्त्रियांची नावे मागे पडली. मोजणी करणाऱ्याने घरातल्या बाईशी स्वतंत्रपणे बोलले पाहिजे, हा तिथून घेण्यासारखा धडा आहे. नेपाळातही घरबांधणीचे अनुदान लालपुर्जाशी, म्हणजे जमिनीच्या मालकीच्या कागदाशी, जोडल्यामुळे कागद नसलेली कुटुंबे बराच काळ ताटकळली.

किल्लारीची आठवण इथे अपरिहार्य आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, झालेल्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली सुमारे 8,000 माणसे नेली. 52 गावे पूर्णपणे नव्या जागी वसवण्यात आली. नव्या घराचा आकार कुटुंबाच्या जमिनीवरून ठरला: भूमिहीनांना आणि थोडीशी जमीन असलेल्यांना 250 चौरस फूट, मधल्यांना 450, मोठ्या शेतकऱ्यांना 750. सातबाऱ्यावर नाव कसे लागले आहे यावर पुढच्या पिढ्यांच्या घराची लांबी-रुंदी अवलंबून राहिली. वाटण्या तोंडी झालेल्या पण नोंदवलेल्या नसलेल्या घरांना याचा चटका बसणे अटळ होते.

जागेची निवडही तितकीच कठीण असते. 30 जुलै 2014 रोजी पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावावर डोंगर आला आणि 151 माणसे दगावली. जवळच आमडे येथे नवे माळीण बांधले आणि 2017 च्या एप्रिलमध्ये लोकांच्या हाती दिले. त्याच जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तिथले रस्ते आणि भराव खचले. उतार, भरावाची खोली, पाण्याची नैसर्गिक वाट यांची बारकाईने मापे घेतल्याशिवाय आराखडा पक्का करू नये, हे माळीणने दोनदा दाखवले.

आपत्तीच्या ठिकाणी आगंतुक म्हणून जाणे हे मात्र साफ चुकीचे आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या सांगण्याशिवाय ड्रोन उडवला तर बचावाच्या हेलिकॉप्टरला धोका होतो. बाधितांची नावे आणि घरांची चित्रे समाजमाध्यमांवर टाकणे हा त्यांच्यावरचा आणखी एक आघात ठरतो.

महाराष्ट्राजवळ यासाठी बराच पाया आहे. गावठाणांची ड्रोन मोजणी पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत आधी करून पाहिली गेली, आणि 2020 पासून ती स्वामित्व योजनेखाली देशभर पसरली. सर्व्हे ऑफ इंडियाच्या कायम चालू असलेल्या संदर्भ केंद्रांमुळे रोव्हरवर काही सेंटिमीटर अचूकतेने काम करता येते. उणीव आहे ती नोंदणी केलेल्या, सराव झालेल्या माणसांची. प्रत्येक जिल्ह्यात तंत्रनिकेतने, आयटीआय आणि भूमी अभिलेख कार्यालयांनी मिळून मेअखेर अशा तरुणांची यादी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, त्यांच्याकडून निदान एका नदीच्या पूरखुणांचा आणि एका डोंगरवाडीचा सराव करून घ्यावा, आणि त्यांचे नकाशे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावेत.